बुडत्या भूपट्टातील खोल भूकंपाचा जवळच्या मोठ्या प्रस्तरभंगावर काय परिणाम झाला, हे कसे तपासावे

एखाद्या किनारी प्रदेशाखाली पन्नास-साठ किलोमीटर खोलीवर मोठा भूकंप झाला की दोन परस्परविरोधी विधाने लगेच कानावर येतात. एक म्हणजे ‘आता खालचा दाब निघून गेला, मोठा भूकंप टळला’ आणि दुसरे म्हणजे ‘ही तर नांदी आहे, मोठा भूकंप आता होणारच’. भूकंप बुडणाऱ्या भूपट्टाच्या आत झाला असेल, तर पुरेशी तपासणी होण्याआधी यांपैकी कोणतेही विधान करता येत नाही. आणि तपासणी झाल्यावरही उत्तर बहुतेक वेळा या दोन्हींपेक्षा बरेच सौम्य निघते. ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, कोणते आकडे हाताशी घ्यावेत आणि कोठे थांबावे, हे पुढे मांडले आहे. भूशास्त्राचे विद्यार्थी, विज्ञानविषयक लेखन करणारे आणि आपत्ती व्यवस्थापनात काम करणारे अशा वाचकांना समोर ठेवून ही मांडणी केली असून, शालेय पातळीचे भौतिकशास्त्र आणि साधे गणकयंत्र यांवर तिचा बहुतेक भाग पार पाडता येतो.

भूकंप नेमका कोठे झाला, हे आधी ठरवावे

अधोगमन क्षेत्रात, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो त्या पट्ट्यात, तीन वेगवेगळ्या ठिकाणी भूकंप होतात: दोन भूपट्ट जेथे एकमेकांवर घासतात त्या संपर्कपृष्ठावर, वरच्या भूपट्टाच्या भूकवचात आणि बुडणाऱ्या भूपट्टाच्या आत. इतिहासातील सर्वांत मोठे भूकंप संपर्कपृष्ठावरचे आहेत; १९६० चा चिलीतील, १९६४ चा अलास्कातील आणि २०११ चा जपानमधील तोहोकू भूकंप त्यांपैकीच होत. बुडणाऱ्या भूपट्टातील भूकंप त्या मानाने लहान असले, तरी ते वस्तीच्या थेट खाली होऊ शकतात आणि त्यांची हानी भीषण असू शकते. पेरूमधील ३१ मे १९७० चा ७.९ महत्तेचा भूकंप नाझका भूपट्टाच्या आत झाला होता आणि त्यात सुमारे ७० हजार माणसे दगावली.

पहिल्या तासाभरात प्रसिद्ध होणाऱ्या खोलीच्या आकड्यावर विसंबू नये. खोली अगदी १० किंवा ३५ किमी अशी ठरावीक दिसत असेल, तर ती बहुधा मोजलेली नसून गणितापुरती गृहीत धरलेली असते आणि पुढच्या आवृत्तीत बदलते. नाभीय यंत्रणेचे उत्तर, म्हणजे भूकंपात कोणती पृष्ठे कोणत्या दिशेने सरकली असावीत हे सांगणारी आकृती, येईपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर बुडणाऱ्या भूपट्टाचा त्रिमितीय नकाशा घ्यावा. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘स्लॅब २’ हे प्रारूप यासाठी सर्वत्र वापरले जाते. नाभी, म्हणजे भूकंप जेथून सुरू झाला तो बिंदू, नकाशातील वरच्या पृष्ठापेक्षा स्पष्टपणे खोल असेल आणि यंत्रणा संपर्कपृष्ठाच्या सौम्य उताराशी जुळत नसेल, तर भूकंप भूपट्टाच्या आतला समजावा. दोन निकषांपैकी एकच जुळत असेल, तर निष्कर्ष राखून ठेवावा, कारण खोलीतील दहा किलोमीटरची चूक अजिबात दुर्मीळ नाही.

मेक्सिकोच्या तेवांतेपेक किनाऱ्याजवळ सप्टेंबर २०१७ मध्ये झालेला ८.२ महत्तेचा भूकंप हे याचे उत्तम उदाहरण आहे. अशा आकाराचा आणि किनाऱ्याच्या इतक्या जवळचा भूकंप पाहून कोणाचाही पहिला अंदाज संपर्कपृष्ठाकडेच गेला असता. परंतु यंत्रणेवरून तो कोकोस भूपट्टाच्या आत, ताणामुळे खडक तुटून झालेला भूकंप असल्याचे दिसले. म्हणजे इतका मोठा भूकंप होऊनही वरचे संपर्कपृष्ठ न तुटता तसेच राहिले.

याच टप्प्यावर भूकंप ताणाचा आहे की दाबाचा, हेही नोंदवून ठेवावे. बुडणारा भूपट्ट स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, वाकतो आणि कोठे कोठे खालच्या प्रावरणाच्या (भूकवचाखालच्या जाड थराच्या) विरोधामुळे दाबलाही जातो. पन्नास-शंभर किलोमीटर खोलीवर दाब इतका प्रचंड असतो की कोरडा खडक सहजी तुटू नये. खनिजांत बांधलेले पाणी तापमान वाढल्यावर सुटते आणि त्यामुळे तेथे भंग शक्य होतो, हे त्याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. ३०० ते ७०० किमी खोलीवरच्या भूकंपांची कारणे वेगळी असून, आपल्या प्रश्नापुरते ते जवळजवळ बाजूला ठेवता येतात. बोलिव्हियातील ९ जून १९९४ चा ८.२ महत्तेचा भूकंप सुमारे ६३० किमी खोलीवर झाला होता. त्याच्या आणि पृष्ठभागाजवळच्या कोणत्याही प्रस्तरभंगाच्या (ज्या भेगेवर दोन्ही बाजूंचे खडक सरकतात तिच्या) मधले अंतरच एवढे आहे की पुढची आकडेमोड पहिल्याच ओळीत संपते.

परिणाम कोणत्या प्रस्तरभंगावर तपासायचा आहे?

‘जवळच्या प्रस्तरभंगांवर परिणाम’ असा मोघम प्रश्न गणिताला विचारता येत नाही. तपासायचे पृष्ठ एकच निवडावे आणि त्याची तीन गोष्टींत नोंद करावी: त्याची दिशा, त्याचा उतार आणि त्यावरचे खडक कोणत्या बाजूला घसरतात. संपर्कपृष्ठ निवडले असेल, तर त्याचा जखडलेला, म्हणजे घर्षणाने अडकून बसलेला, भाग कोठपर्यंत आहे हे जीपीएस मोजणीवर आधारित नकाशांवरून पाहावे, कारण प्रतिबलाची, म्हणजे खडकांत साचणाऱ्या अंतर्गत दाब-ताणाची, साठवण त्याच भागात होत असते. हा भाग साधारणपणे ३० ते ५० किमी खोलीपर्यंतच असतो आणि त्याखाली भूपट्ट फारसा अडथळा न येता सरकत राहतो. वरच्या भूकवचातील प्रस्तरभंग निवडला असेल, तर त्याची गणना स्वतंत्र करावी. एकाच भूकंपाने संपर्कपृष्ठावरील प्रतिबल घटावे आणि शहराखालच्या उथळ प्रस्तरभंगावरचे वाढावे, हे सहज शक्य असते.

ढोबळ आकडा: अंतराचा घन

प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी कागदावर एक अंदाज काढावा. भूकंपाने खडकात कायमचा जो बदल होतो, त्यामुळे दूरच्या बिंदूवरील प्रतिबलात होणारा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होत जातो. भूकंपीय परिबलाला (भूकंपाच्या एकूण आकाराच्या मापाला) अंतराच्या घनाने आणि सुमारे १९ ने (म्हणजे पायच्या सहापटीने) भागले की त्या फरकाचा ढोबळ आकडा मिळतो. परिबल काढण्यासाठी महत्तेला दीडने गुणून त्यात ९.१ मिळवावेत, येणारी संख्या ही दहाचा घातांक होय, आणि उत्तर न्यूटन-मीटरमध्ये असते.

७ महत्तेच्या भूकंपासाठी हे परिबल सुमारे ४ गुणिले १० चा १९ वा घात इतके येते. त्यावरून ३० किमी अंतरावर सुमारे ८० किलोपास्कल, म्हणजे ०.८ बार, ६० किमीवर १० किलोपास्कल, म्हणजे ०.१ बार, आणि १०० किमीवर केवळ २ किलोपास्कल एवढा फरक मिळतो. ०.१ बार हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढील धक्क्यांच्या संख्येत जाणवण्याजोगा फरक दिसण्यासाठी साधारण एवढा बदल लागतो, असे अनेक भूकंपांच्या अभ्यासातून मानले जाते. ही कायद्याने आखलेली रेषा नव्हे. तिच्या खाली परिणाम शून्य होतो असे नाही, पण तो नेहमीच्या चढउतारांतून वेगळा काढणे अवघड होते. याच हिशेबाने ०.१ बारची मर्यादा ६ महत्तेला सुमारे १९ किमी, ७ ला ६० किमी आणि ८ ला १९० किमी अंतरावर येते.

अंतर मोजताना अपिकेंद्रापासून (नाभीच्या थेट वर पृष्ठभागावर असलेल्या बिंदूपासून) नकाशावर पट्टी लावणे ही नेहमीची चूक आहे. अंतर तुटलेल्या पृष्ठापासून निवडलेल्या प्रस्तरभंगाच्या जखडलेल्या भागापर्यंत, खोली धरून, तिरके मोजावे. शिवाय हे सूत्र भूकंपाला एक बिंदू मानते. अंतर तुटलेल्या पृष्ठाच्या लांबीइतकेच किंवा त्याहून कमी असेल, तर त्याचे उत्तर केवळ ‘परिणाम दखल घेण्याजोगा आहे, पूर्ण गणना करावी’ एवढेच समजावे.

आता तेवांतेपेकचे उदाहरण या सूत्रात घालून पाहावे. त्या भूकंपानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच १९ सप्टेंबर २०१७ रोजी मेक्सिको शहराच्या दक्षिणेस पुएब्ला परिसरात ७.१ महत्तेचा, तोही कोकोस भूपट्टाच्या आतला, भूकंप झाला. दोन्हींमधील अंतर सुमारे ६५० किमी होते. ८.२ महत्तेचे परिबल घेतले तरी एवढ्या अंतरावर प्रतिबलातील कायमचा फरक अर्धा किलोपास्कल इतकाच येतो, आणि चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे घन पृथ्वीत रोज उठणाऱ्या भरतीचे प्रतिबल त्याहून जास्त, काही किलोपास्कलपर्यंत असते. पहिल्याने दुसऱ्याला ढकलले असे म्हणायचे असेल, तर कायमच्या प्रतिबलाखेरीज दुसरी एखादी वाट दाखवावी लागते. मला हे उदाहरण शिकवण्यासाठी विशेष उपयोगाचे वाटते, कारण तारखांची जवळीक पाहून मनात तयार होणारी गोष्ट या दोन ओळींच्या भागाकारापुढे अडखळते.

चिन्ह भूमितीवरून ठरते

ढोबळ आकडा केवळ फरकाचा आकार सांगतो. प्रस्तरभंग तुटण्याच्या जवळ गेला की दूर, हे सांगत नाही. त्यासाठी कूलोम प्रतिबलातील बदल काढावा लागतो. त्याची मांडणी सोपी आहे: निवडलेल्या पृष्ठावर घसरणीच्या दिशेने प्रतिबल किती वाढले ते घ्यावे, पृष्ठाला चिमटून धरणारा लंब दाब किती सैल झाला ते घर्षणांकाने गुणून त्यात मिळवावे. बेरीज धन आली तर पृष्ठ तुटण्याकडे ढकलले गेले, ऋण आली तर त्याला काहीशी उसंत मिळाली.

हाती काहीच नसताना पहिला अंदाज असा करावा. भूकंप जखडलेल्या भागापेक्षा खोल, भूपट्टाच्या उतारावर खाली झाला आहे असे समजू. तो उताराच्या दिशेने ताण पडून झालेला असेल, तर तुटीच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर सरकतात. वरची बाजू किंचित उताराच्या वर येते, म्हणजे संपर्कपृष्ठावरचे ओझे थोडे हलके होण्याकडे कल असतो. भूकंप दाबाचा असेल, तर दोन्ही बाजू एकमेकींकडे येतात, वरचा भाग खाली खेचला जातो आणि ओझे वाढण्याकडे कल असतो. भूकंप जखडलेल्या भागाच्या थेट खाली झाला असेल, तर मात्र हा तर्क सोडून द्यावा. तेथे तुटीच्या सभोवती वाढीच्या आणि घटीच्या पाकळ्या आळीपाळीने पसरतात आणि त्याच संपर्कपृष्ठाचा एक तुकडा जवळ, तर शेजारचा दूर ढकलला जातो. अशा वेळी संपूर्ण पृष्ठासाठी एकच सरासरी आकडा देणे म्हणजे वाचकाची दिशाभूल होय.

पूर्ण गणनेसाठी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे ‘कूलोम’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मॅटलॅब या गणिती संगणकप्रणालीवर चालते आणि ओकादा यांनी १९९२ मध्ये दिलेल्या सूत्रांवर आधारलेले आहे. बुडणाऱ्या भूपट्टातील भूकंपासाठी ते वापरताना तीन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी लागते.

नाभीय यंत्रणा नेहमी दोन संभाव्य पृष्ठे देते आणि त्यांपैकी खरोखर कोणते तुटले हे एकट्या आकृतीवरून कळत नाही. उथळ भूकंपात नंतरच्या धक्क्यांची रांग ते उघड करते, पण भूपट्टाच्या आतील भूकंपानंतर असे धक्के सहसा फार कमी येतात. वॉशिंग्टन राज्यातील २८ फेब्रुवारी २००१ च्या ६.८ महत्तेच्या निस्क्वाली भूकंपानंतर, जो सुमारे ५२ किमी खोलीवर झाला, नंतरचे धक्के मोजकेच आणि लहान होते. म्हणून गणना दोन्ही पृष्ठांसाठी करावी आणि दोन्हींत चिन्ह सारखे आले तरच ते ठामपणे सांगावे.

दुसरी काळजी दृढतेची, म्हणजे खडकाच्या ताठरपणाची. प्रावरणातील खडक उथळ खडकांपेक्षा बरेच ताठर असतात. ७ महत्तेच्या भूकंपात ३५ गुणिले २० किमीचे पृष्ठ तुटले असे धरू: दृढता ६५ गिगापास्कल घेतल्यास सरासरी घसरण सुमारे ०.९ मीटर येते, तर ३० गिगापास्कल घेतल्यास १.९ मीटर. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेल्या मूल्यांतून दृढता ३२ गिगापास्कल निघते. आता एखाद्याने घसरण कमी दृढतेने काढली आणि प्रतिबल जास्त दृढतेने मोजले, तर उत्तर दुप्पट फुगते, आणि रंगीत नकाशा इतका देखणा दिसतो की ही चूक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. घसरण आणि प्रतिबल या दोन्हींसाठी एकच दृढता वापरावी. तुटलेल्या पृष्ठाचा आकारही उथळ भूकंपांच्या सूत्रावरून घेऊ नये, कारण भूपट्टाच्या आतील भूकंप सारख्याच महत्तेला सहसा आटोपशीर क्षेत्रात होतात.

तिसरी काळजी घर्षणांकाची. त्याचे नेमके मूल्य कोणालाच ठाऊक नसते. प्रथेने ०.४ घेतात; गणना ०.२ आणि ०.८ घेऊनही करावी. मूल्य बदलल्यावर चिन्ह उलटत असेल, तर ‘परिणाम अनिश्चित’ हेच खरे उत्तर आहे.

लाटा जाताना होणारा परिणाम

कायमच्या बदलाखेरीज भूकंपाच्या लाटा जाताना प्रस्तरभंग क्षणभर हलवतात. त्या प्रतिबलाचा अंदाज जमिनीच्या कमाल वेगावरून येतो: दृढतेला त्या वेगाने गुणावे आणि लाटेच्या वेगाने भागावे. जमीन सेकंदाला एक सेंटीमीटर वेगाने हलली, तरी ३० गिगापास्कल दृढता आणि सेकंदाला साडेतीन किलोमीटर लाटवेग धरून सुमारे ०.९ बार येतात. हा आकडा कायमच्या बदलापेक्षा मोठा दिसतो, मात्र तो धन-ऋण असा झोके घेतो आणि मिनिटभरात विरतो. खोल भूकंप दूरवर पोचणाऱ्या पृष्ठलाटा कमी निर्माण करतात, त्यामुळे त्यांची ही बाजू त्याच आकाराच्या उथळ भूकंपापेक्षा दुबळी असते. नोंद कठीण खडकावरच्या केंद्राची घ्यावी. मेक्सिको शहरासारख्या जुन्या तळ्याच्या गाळावर उभ्या शहरातील नोंद माती किती हलली हे सांगते, आणि ती मूळ खडकाच्या हालचालीच्या कितीतरी पट असू शकते.

आकड्याचा अर्थ लावताना

धन चिन्ह आले की ‘धोका वाढला’ असा मथळा सुचतो. त्याआधी दोन साधी गणिते करावीत. संपर्कपृष्ठ दर तीनशे वर्षांनी तुटते आणि प्रत्येक वेळी सुमारे ३० बार प्रतिबल मोकळे होते असे मानले, तर ते दर वर्षी ०.१ बारने भरत असते. ०.२ बारची वाढ म्हणजे दोन वर्षांची नेहमीची भर एका दिवसात पडणे, एवढाच तिचा अर्थ. दोनशे नव्वद वर्षे भरलेल्या पृष्ठाला ती जड असेल, पन्नास वर्षे भरलेल्याला नाही, आणि पृष्ठ नेमके कोठवर भरले आहे हे मोजणारे उपकरण नाही. दुसरे गणित शक्यतेचे. तीनशे वर्षांतून एकदा या दराने कोणत्याही एका आठवड्यातील शक्यता सुमारे १५,६०० मध्ये १ असते. ती दहापट झाली, तरी १,५६० मध्ये १ होते. ‘दहापट वाढ’ हे विधान खरे असूनही केवळ तेवढेच सांगणे अप्रामाणिक आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

‘दाब निघून गेला’ या विधानाची तपासणी त्याहून सोपी असते. सुमात्रातील पादांग शहराजवळ ३० सप्टेंबर २००९ रोजी ७.६ महत्तेचा भूकंप ८० किमीहून अधिक खोलीवर, बुडणाऱ्या भूपट्टाच्या आत झाला आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या विध्वंसानंतर मेंतावाई बेटांखालच्या संपर्कपृष्ठाची बाकी चुकती झाली असावी असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु तुटले होते ते वेगळेच पृष्ठ. मेंतावाईखालच्या जखडलेल्या भागावरील साठा या भूकंपाने फारसा कमी झाला नाही, हाच शास्त्रज्ञांचा निष्कर्ष होता. महत्तेचा हिशेबही तेच सांगतो: संपर्कपृष्ठावरील, समजा ८.८ महत्तेच्या, भूकंपात ७.६ च्या सुमारे ६३ पट ऊर्जा असते, त्यामुळे एक खोल धक्का तिची जागा घेऊ शकत नाही.

इतिहासातील जोड्या पुराव्यादाखल मांडताना विशेष सावध राहावे. चिलीच्या उत्तरेस १३ जून २००५ रोजी सुमारे ११० किमी खोलीवर ७.८ महत्तेचा तारापाका भूकंप झाला आणि १ एप्रिल २०१४ रोजी जवळच्याच संपर्कपृष्ठावर इकिके येथे ८.२ महत्तेचा. १९९७ च्या पुनिताकी भूकंपानंतर २०१५ मध्ये त्याच परिसरात इयापेलचा ८.३ महत्तेचा भूकंप झाला. केवळ या जोड्या ठेवल्या तर नियम सापडल्यासारखा वाटतो. शेजारी वॉशिंग्टन राज्याच्या किनारी भागातील पुजेट साउंडची नोंद ठेवावी: तेथे १९४९, १९६५ आणि २००१ मध्ये हुआन दे फूका भूपट्टाच्या आत तीन मोठे भूकंप झाले, आणि त्याच किनाऱ्यालगतचे कॅस्केडियाचे संपर्कपृष्ठ २६ जानेवारी १७०० च्या महाभूकंपानंतर आजवर तुटलेले नाही. अलास्कातील अँकरेजजवळ ३० नोव्हेंबर २०१८ रोजी झालेल्या ७.१ महत्तेच्या भूकंपानंतरही १९६४ मध्ये तुटलेले संपर्कपृष्ठ शांत राहिले. कार्यकारणाची दिशा उलटीही असते: तोहोकूनंतर महिन्याभराच्या आत, ७ एप्रिल २०११ रोजी, मियागीजवळ बुडणाऱ्या भूपट्टात ७.१ महत्तेचा भूकंप झाला, आणि तेथे संपर्कपृष्ठाने भूपट्टावर परिणाम केला होता.

पुढील आठवड्यांत काय पाहावे

जीपीएस केंद्रांच्या रोजच्या नोंदी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. भूकंपाच्या दिवशी आलेली उडी वेगळी काढून त्यानंतर केंद्र आपल्या जुन्या चालीवर परतले की वेगळ्या दिशेला सरकू लागले, हे पाहावे. किनाऱ्यावरची केंद्रे जमिनीकडून समुद्राकडे वळली, तर संपर्कपृष्ठावर मंद सरक सुरू झाल्याची शक्यता असते, म्हणजे आठवडे किंवा महिने चालणारी, धक्क्याविना होणारी घसरण. मेक्सिकोच्या ओआहाका भागात २०१७ च्या भूकंपांच्या सुमारास अशी सरक नोंदली गेली आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी पिनोतेपाजवळच्या संपर्कपृष्ठावर ७.२ महत्तेचा भूकंप झाला. वर ज्या ‘दुसऱ्या वाटे’चा उल्लेख आला, ती ही: दूरच्या भूकंपाच्या लाटांनी मंद सरक बदलावी आणि त्या सरकीने शेजारच्या जखडलेल्या भागावर स्थानिक भार टाकावा. कायमच्या प्रतिबलाचे गणित ही साखळी पकडत नाही, म्हणून त्याचे उत्तर नगण्य आले तरी जीपीएसकडे पाहणे सोडू नये.

लहान भूकंपांच्या नोंदीत नुसती संख्या पाहू नये. ते बुडणाऱ्या भूपट्टात होत आहेत की संपर्कपृष्ठावर, ही विभागणी करावी. बुडणाऱ्या भूपट्टातच थोडे धक्के येऊन ते ओसरत असतील, तर तो नेहमीचा क्रम आहे. संपर्कपृष्ठावर नवी गर्दी होत असेल आणि ती गणनेत धन चिन्ह आलेल्या तुकड्यावरच असेल, तर गणनेला प्रत्यक्ष आधार मिळाला असे समजून संबंधित यंत्रणेला तसे कळवावे.

भूकंपानंतर काही दिवसांनी पृष्ठावर कोठे किती घसरण झाली याचे तपशीलवार प्रारूप प्रसिद्ध होते. ते मिळताच आधी गृहीत धरलेले एकसारख्या घसरणीचे आयताकृती पृष्ठ काढून टाकून गणना पुन्हा करावी. अहवालात निवडलेल्या प्रस्तरभंगाचे नाव, अंतर, वापरलेली दृढता, तिन्ही घर्षणांकांची उत्तरे, दोन्ही पृष्ठांची चिन्हे आणि गणनेची तारीख एवढे असलेच पाहिजे. नव्या गणनेत चिन्ह बदलले, तर जुना नकाशा मागे घेऊन त्याजागी नवा द्यावा आणि बदलाचे कारण त्याच पानावर लिहावे.